वाघजाईचं बकरं

भिमाजी काट्यांच्या पलीकडूनच बोलला. तोंडाला घट्ट फडकं, त्यावरून उपरण्याचा वेढा, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

"दस्तगीरभाऊ, हाय का घरात?"

घरात नसून नवरा जाणार कुठे, असं चाँदबीच्या अगदी ओठांवर आलं. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. ज्या माणसाने आपल्या दारात काटे टाकले त्यानेच येऊन घरात आहात का म्हणून विचारावं, याला काय म्हणतात ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण रोज्याचे दिवस होते, आणि रोज्यात तोंड सांभाळावं लागतं.

काटे दोन ठिकाणी होते, हे आधी सांगायला हवं. पहिले उंबरवण्याच्या वेशीवर. मार्च सरताना सगळा देश बंद झाला तेव्हा मावळातल्या गावागावाने आपापले रस्ते असेच बंद केले. मुंबईची बंगलेवाली मंडळी गाड्या भरभरून लोणावळ्याकडे निघाली होती, त्यांचा रोग आपल्याकडे नको, म्हणून. त्याला चाँदबीची ना नव्हती. तिने स्वतः करवंदीची एक जाळी ओढत नेऊन वेशीवर टाकली होती आणि कोपरापर्यंत ओरखडे घेऊन घरी आली होती. थाळ्या वाजवायच्या दिवशी तर तिने पितळी परात अशी बडवली, की गल्लीच्या पलीकडून शेजारीण नंदाबाई ओरडली, "अगं बाई, रोग पळंल का न्हाई म्हाईत न्हाई, आमचं कान मातूर जात्याल!" दोघी पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होत्या.

दुसरे काटे त्यानंतर पडले, मुलाण्याच्या गल्लीच्या तोंडाशी. त्या गल्लीत घर एकच आहे.

झालं असं, की दिल्लीहून मुसलमानांच्या कुठल्याशा मेळाव्यात रोग सापडल्याची बातमी आली आणि तिच्या मागोमाग मोबाइलवर चित्रं आली. कुणी फळांना थुंकी लावतोय, कुणी ताटं चाटतोय. कुठला मुलूख, कुठलं साल, कुणाला काही पत्ता नाही. पण भिमाजीचा पुतण्या कोंडाजी ती सगळ्या गावाला दाखवत हिंडला. एरवी तो लोणावळ्यात पर्यटकांना जीपमधून फिरवायचा. आता जीप दारात उभी, आणि हा दिवसभर मोबाइलवर. त्यातच कुणीतरी पुडी सोडली, की दस्तगीर मुलाणी मागच्या महिन्यात दिल्लीला जाऊन आला. दस्तगीर गेला होता लोणावळ्याला, चष्म्याची काच बदलायला. जन्मात तो कल्याणच्या पुढे गेलेला नाही, आणि कल्याणलाही मेव्हण्याच्या लग्नात हरवला होता. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता? दुसऱ्या दिवशी सकाळी चाँदबी शेळ्या सोडायला बाहेर पडली, तर गल्लीच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या.

तेव्हापासून नळावर सगळ्यांचं झाल्यावर जायचं. अंडी कुणी घेत नव्हतं. शेळीचं दूध कुणाला नको होतं, तान्ह्या पोरांच्या आयांनाही नको होतं. रानात करवंदं काळी होऊन गळत होती. दर उन्हाळ्यात ती पाट्या भरून कार्ल्याच्या पायथ्याशी बसायची आणि देवीला आलेल्या लोकांना पानांच्या द्रोणांतून विकायची. यंदा डोंगरावर देवी एकटी आणि पायथ्याशी कुत्री. मुलगा इरफान लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात होता, तो घरी येऊन बसला. त्याची बायको अफसाना लहानग्या नूरला घेऊन माहेरी देहूरोडला गेली होती, ती तिकडेच अडकली. रोज संध्याकाळी इरफान मोबाइल धरायचा आणि नूर त्या काचेतून "दादी, दादी" करायची. हे सगळं चाँदबीने सहन केलं असतं. सगळ्या जगावरच दिवस आले होते. पण काटे जगावर आलेले नव्हते. ते माणसांनी तोडून, ओढून, मुद्दाम तिच्या दारात आणून टाकले होते, आणि प्रत्येक फांदी कुणाच्या बांधावरची हे तिला बघताच कळत होतं.

दस्तगीर आतून टोपी सारखी करत बाहेर आला. "बोला भिमाजी. बरं हाय ना समदं?"

बरं हाय ना! चाँदबीने लसणीची पाकळी अशी सोलली की सालाबरोबर अर्धी पाकळी गेली.

"उद्या पुनव हाय," भिमाजी म्हणाला. "वाघजाईचं बकरं."

"जत्रा बंद हाय ना पर?"

"जत्रा बंदच. पर देवीचा मान कसा बंद करनार? त्यातून आसली बिमारी. चारच माणसं, उजाडायच्या वक्ताला. तुमी यायचं, तुमचं ते म्हणायचं, सुरी फिरवायची आन लगीच माघारी." त्याने फडक्याखाली घसा खाकरला. "काटं तेवढं बाजूला करून या. आन जाताना परत लावून घ्या, म्हंजी कुनाची तक्रार नको."

चाँदबीच्या हातातली सुरी थांबली. आपण बरोबर ऐकलं का, असं तिला क्षणभर वाटलं. बरोबरच ऐकलं होतं. आपले काटे आपणच उचलायचे, त्यांचं काम करून यायचं, आणि आपल्याच हाताने स्वतःला परत कोंडून घ्यायचं.

उंबरवण्यात वाघजाईचं बकरं मुलाण्याच्या हातानेच कापलं जातं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, तसंच चालत आलेलं आहे. बकरं देवीचं, नवस हिंदूंचा, हळद-कुंकू नंदाबाईच्या ताटातलं, पण मानेवर सुरी ठेवून अल्लाचं नाव घेणार तो मुलाणी. त्याशिवाय ते मटण गावात कुणाच्या चुलीवर चढत नाही. म्हाताऱ्या बायका तर विचारूनच पातेलं चढवतात, मुलाण्यानं कापलंय ना? दस्तगीरचा बाप ते करायचा, त्याचा आजा करायचा. दरवर्षी देवीचा मानकरी म्हणून भिमाजी स्वतःच्या हाताने दस्तगीरला टॉवेल-टोपी चढवतो, हातात नारळ देतो, आणि मग जत्रा सुरू होते. लग्नं होवोत न होवोत, पाऊस पडो न पडो, त्या दिवशी दस्तगीर मुलाणी गावात कडक इस्त्रीचा सदरा घालून फिरतो आणि प्रत्येक घरी त्याला चहा असतो.

यंदा कोंडाजी म्हणाला होता म्हणे, "त्याला कशाला बोलवायचं? सुरी काय मला फिरवता येत न्हाई?" त्यावर म्हाताऱ्या बायकांनीच त्याला उडवून लावलं. आम्ही तोंडात घालणार नाही, म्हणाल्या. कामशेतचा मटणवाला तर दुकान बंद करून केव्हाच गावी पळाला होता. म्हणून भिमाजी इथे उभा होता. चाँदबीला हे सगळं ठाऊक होतं, कारण नळाची वेळ वेगळी केली तरी कान वेगळे करता येत नाहीत. आणि म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. ज्याच्या तोंडातून रोग येतो म्हणून सांगत फिरता, त्याच तोंडातलं नाव तुम्हाला बकऱ्यावर पाहिजे? लाज कशी वाटत नाही?

"येतो की," दस्तगीर म्हणाला.

भिमाजी आल्या पावली गेला. चाँदबीने लसणाचं ताट बाजूला सारलं.

"येतो की?" ती म्हणाली. "आसं कसं म्हणलासा तुमी येतो की?"

"आता देवीचं काम हाय—"

"देवीचं काम! महिना झाला कुणी इचारलं का, जेवला का उपाशी हाय? चाललासा सुरी घेऊन!"

"देवीनं का काटं टाकल्यात?"

"देवीनं काढलं बी न्हाईत!"

दस्तगीर ओट्याच्या कडेला टेकला. चाँदबी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिने या माणसाला रागावलेलं पाहिलेलं नाही. शेजाऱ्याने बांध कोरला, जाऊ दे. इरफानच्या नोकरीचे पैसे एका दलालाने खाल्ले, जाऊ दे. सगळं गाव म्हणतं दस्तगीरभाऊ देवमाणूस, आणि देवमाणसाच्या बायकोला घर चालवावं लागतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. घरातल्या दोघांचा राग ती एकटीच करत आली होती, आणि लोक तिला तोंडाळ म्हणत होते.

इरफान आतून हे ऐकत होता. तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. "अब्बा, तुमी जाऊ नका. हा लॉकडाऊन संपला की आपण देहूरोडला खोली घेऊ. अफसानाचा भाऊ म्हणतोय डेपोत कामं निघत्यात. हितं राहायचंच न्हाई मला."

"तू जा," दस्तगीर म्हणाला. "तुझं वय हाय. मी तितं जाऊन काय करू? देहूरोडला मी कोन? दस्तगीर शेख, खोली नंबर आमकी." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हितं मी मुलाणी हाय. यंदा मी गेलो न्हाई, तर पुढच्या वर्षी त्ये कामशेतचा माणूस आणत्याल. मग ती गाठ सुटली ती सुटलीच. मग आपुन काय? गल्लीच्या टोकाला एक घर."

इतकं लांब बोललेला दस्तगीर त्या दोघांनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. इरफान आत वळला. चाँदबी मात्र बोलायची थांबली नाही. गल्लीच्या टोकाचं घर आपण केव्हाच झालोय, म्हणाली, तुम्हाला तेवढं दिसत नाही, नवी काच फुकट गेली.

संध्याकाळी ती नळावर गेली तेव्हा नंदाबाई शेवटची कळशी उचलत होती. काटे पडल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या. ही तीच नंदाबाई, जिच्या घरावरचे पत्रे वादळाने उडाले तेव्हा अख्खा पावसाळा ती पोराबाळांसकट चाँदबीच्या घरात राहिली होती. एका चुलीवर दोघींच्या भाकऱ्या व्हायच्या. तिच्या धाकट्याला गोवर आला तेव्हा चाँदबी रात्ररात्र त्याच्या उशाशी बसली होती. नंदाबाईने तोंडावर पदर ओढला, दोन पावलं मागे सरली आणि तिथूनच विचारलं, "भाऊ येनार ना उद्या?"

महिन्याभरानंतरचं हे पहिलं वाक्य.

"आधी काटं काढ," चाँदबी म्हणाली, "मग इचार."

"मी कशी काढू गं? मानसं हायत, त्यांचं त्ये बघत्यात."

"तुझ्याच बांधावरची बाभळ हाय त्यात."

नंदाबाईने कळशी कमरेवर घेतली आणि ती निघून गेली. चाँदबीने हंडा भरला. हंडा भरेपर्यंत तिच्या डोक्यात जे काय काय येत होतं, ते सगळं रोजा मोडणारं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहरीचं खाणं झालं, नमाज झाली. दस्तगीरने अंघोळ करून ठेवणीतला सदरा घातला. इस्त्री नव्हती, तर चाँदबीने तो रात्रभर उशाखाली घडी करून ठेवला होता. रागाच्या भरातही ठेवला होता, कारण नवरा गावात चुरगळलेला दिसलेला तिला चालत नाही. त्याने सुरी पुसून फडक्यात गुंडाळली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो एकेक फांदी उचलून भिंतीला टेकवून ठेवू लागला. अगदी बेताने, पुन्हा लावायच्या आहेत म्हणून. बोटाला काटा रुतला, त्याने बोट तोंडात घातलं आणि रोजा आठवून लगेच बाहेर काढलं.

ते बघून चाँदबीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती पुढे झाली, भिंतीला लावलेल्या सगळ्या फांद्या तिने दोन्ही हातांनी कवटाळल्या आणि फरफटत नेऊन ओढ्यात फेकल्या. मग हात झाडत त्याच्यामागून चालू लागली.

"तू कुटं?"

"देवीला. माझी बी देवी हाय ती."

देऊळ ओढ्याच्या पलीकडे, आंब्यांच्या झाडीत आहे. चार माणसं म्हणून सांगितली होती, जमली होती पंधरा-वीस. चाँदबी दिसताच बायका दोन पावलं मागे सरल्या. देवळापुढच्या मोकळ्या जागेत चुन्याचा एक गोल काढलेला होता, किराणा दुकानापुढे काढतात तसा. बाकी कुणासाठी गोल नव्हते. बाकीची माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, फडकी हनुवटीवर.

"भाऊ, गोलातच ऱ्हावा," भिमाजी म्हणाला.

दस्तगीर गोलात जाऊन उभा राहिला. बकरं खुंट्याला बांधलेलं होतं, कपाळावर कुंकू. नंदाबाई ताट घेऊन बाजूला. भिमाजीने नारळ आणला, तो चुन्याच्या रेघेबाहेर जमिनीवर ठेवला, आणि शेजारी पडलेल्या काठीने हळूहळू आत ढकलला. नारळ घरंगळत दस्तगीरच्या पायाला लागला. टॉवेल-टोपीही तशीच काठीच्या टोकावरून आली. दस्तगीरने वाकून टोपी उचलली आणि स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवली. चाँदबीला वाटलं आता तरी तो काही बोलेल. त्याने वाघजाईकडे तोंड करून हात जोडले.

"थांबा," कोंडाजी म्हणाला. त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप होता, भातावर औषध मारायचा. "आधी हे घ्यायचं. पंचायतीचं औषध हाय."

कुणी काही म्हणायच्या आत त्याने नळी उचलली. आधी पायांवर, मग सदऱ्यावर, मग हातावर, सुरीवर, टोपीवर. एखाद्या गोठ्याची भिंत धुवावी तसा त्याने दस्तगीरला खालून वर धुतला. पांढरं, उग्र वासाचं पाणी चष्म्यावरून ओघळलं. दस्तगीरने काही बोलायला तोंड उघडलं आणि फवारा तोंडात गेला.

आता रोजा असलेल्या माणसाने काय करावं? पाणी गिळलं तर रोजा जातो. आणि ते नुसतं पाणीही नव्हतं, जंतू मारायचं विष होतं. दस्तगीरने मान बाजूला करून ते थुंकलं. मग पुन्हा थुंकलं, आणि पुन्हा, तोंड अगदी कोरडं होईपर्यंत.

"थुकला!" कोंडाजी ओरडला. "बघा, बघा, देवळापुढं थुकला!"

घोळका असा मागे उसळला की बकऱ्याने घाबरून दावं ताणलं. कुणी पोरं मागे ओढली, कुणी फडकं नाकावर चढवलं. कोंडाजीने पंपाची नळी टाकून दिली, खिशातून मोबाइल काढला आणि दस्तगीरवर धरला. डोळ्यांत औषध गेलेला, गालांवरून पाणी निथळणारा, तोंड वेडंवाकडं करून थुंकणारा म्हातारा. अशीच चित्रं गेला महिनाभर हा माणूस गावाला दाखवत होता. आता त्याला एक स्वतःचं मिळालं.

"बंद कर त्ये," भिमाजी पुतण्यावर खेकसला, पण फार जोराने नाही. मग दस्तगीरकडे वळून म्हणाला, "आवरा भाऊ. वर ऊन यायला लागलं."

आवरा! म्हणजे एवढं होऊनही बकरं त्याच्याकडूनच कापून हवं होतं.

दस्तगीरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सदरा ओलाच होता, काच आणखी माखली. त्याने चष्मा खिशात ठेवला. दोन माणसांनी बकरं आणून चुन्याच्या रेघेत आडवं केलं आणि हात लांब करून, तोंडं फिरवून धरलं. दस्तगीर गुडघ्यावर बसला. त्याने ओंजळीतून बकऱ्याला पाणी पाजलं, कानावरून हात फिरवला, आणि सुरी मानेवर ठेवली. सगळे वाट बघत होते. एरवी तो "बिस्मिल्लाह" असं खणखणीत म्हणायचा की ओढ्याच्या अलीकडे ऐकू यायचं.

आज त्याचे ओठ हलले, थांबले. मग त्याने सुरी जमिनीवर ठेवली.

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, भिमाजी."

"आता काय झालं?"

"माझ्या मनात राग हाय." तो हे अशा आवाजात म्हणाला, जणू आपल्याला ताप आहे म्हणून सांगतोय. "आसल्या मनानं सुरी चालवली तर ती कुर्बानी न्हाई. त्ये नुसतं जीव घेनं झालं. मी अल्लाचं नाव घेतो आन डोळ्याम्होरं कोंडाजीचा गळा येतो. मला न्हाई जमायचं."

बकरं ज्यांनी धरलं होतं त्यांचे हात सैल झाले आणि ते धडपडत उठून उभं राहिलं.

भिमाजीचा आवाज बदलला. "देवीचा मान अडवता तुमी? बिमारीच्या टायमाला? उद्या गावात कुनाला काय झालं तर जबाबदार कोन? दस्तगीरभाऊ, गावात ऱ्हायचं हाय ना?"

इथे चाँदबीचा धीर सुटला. खरं म्हणजे तो सुटलेलाच होता, आता फक्त आवाज फुटला.

"ऱ्हायचं हाय ना?" ती गोलापाशी येऊन उभी राहिली. "कोन इचारतंय? भिमाजी, तुझ्या बापाच्या मयताला खांदा कुनी दिलता? तुझ्या पोरीच्या लग्नात बकरी कुनी कापली, पातेली कुनी ढवळली? आन आज काठीनं नारळ ढकलतूस? कुत्र्याला भाकर टाकताना बी मानूस जवळ जातं रं! आन तू, कोंडाजी, काड, माझा बी काड फोटू. नीट काड. दाखव समद्यांस्नी, ह्या बाईच्या तोंडात काय हाय त्ये! रोग हाय व्हय आमच्या तोंडात? मंग जा की, तुमच्या तोंडानं कापा. कापा आन खावा. का खाईना कोन? आमच्या तोंडचं नाव पायजे, आन आमचं तोंड नको!"

ती दम घ्यायला थांबली. रोजा सुटेपर्यंत पाणी नव्हतं. तेवढ्यात नंदाबाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "चाँदबी, आगं मला कशाला आशी बघतीस? मी काय केलं?"

चाँदबीने तिच्याकडे पाहिलं. ताटातलं कुंकू पदरावर सांडलं होतं.

"तू काय बी केलं न्हाईस, नंदे," ती म्हणाली. "समद्यात जास्ती राग मला त्येचाच हाय."

तिने दस्तगीरच्या दंडाला धरून त्याला उठवलं. तो उठला, सुरी उचलली, आणि जाताना मात्र चुन्याच्या रेघेवरून पाय उचलून, रेघ न पुसता बाहेर पडला. ओढ्यापर्यंत कुणी त्यांच्यामागे आलं नाही. मागून बकऱ्याचं ओरडणं तेवढं येत राहिलं.

घरी इरफान दारातच होता. त्याला वडिलांचे लाल डोळे दिसले, वास आला, आणि तो काही न विचारता काठी शोधायला लागला. चाँदबीने त्याला आत ढकललं. "पानी तापव," म्हणाली. "आंघोळ घालायची हाय त्यांना. काठी कशाला? मारशील, आन मग पोलीस तुला नेत्याल, कोंडाजीला न्हाई."

तिने स्वतः दस्तगीरच्या अंगावरून पाणी ओतलं. पाठ लाल झाली होती. तीन वेळा साबण लावला तरी वास जाईना. दस्तगीर लहान मुलासारखा पाटावर बसून होता. चाँदबीच्या मनात खरं तर आनंद व्हायला हवा होता. एवढी वर्षं तिला हेच हवं होतं, या माणसाने एकदा तरी रागवावं, एकदा तरी आपलं न्हाई म्हणावं. आज तो भरल्या गावापुढे न्हाई म्हणाला होता. पण पाणी ओतताना तिला कळत होतं की हा राग त्याला झेपलेला नाही. तो त्याच्या अंगात परक्यासारखा शिरला होता, आणि तो ज्यांनी घातला ते सगळे अजून देवळापुढे उभे राहून, आता बकऱ्याचं काय करायचं, एवढाच विचार करत होते.

"रोजा मोडला का गं माझा?" त्याने विचारलं.

"न्हाई. थुकलं ना समदं."

"एक घोट गेला आसंल आत. मला कळलं न्हाई."

"न्हाई गेला. मी बघत हुते."

इरफान दुसरा हंडा आणून ठेवून गेला. बाहेर कुणाची तरी पावलं वाजली, थांबली आणि परत गेली. कोण होतं ते बघायला चाँदबी उठली नाही.

"चाँदबी," दस्तगीर खाली बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी बोलवत्याल का गं मला?"

तिने तांब्या हंड्यात बुडवला. बोलायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. सबंध महिन्याचं साठलेलं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"बोलवत्याल," ती म्हणाली, आणि हा एक शब्द तोंडातून काढताना तिला त्या गावाची जेवढी चीड आली, तेवढी काटे पडले तेव्हाही आली नव्हती.